दारूच्या गोदामातले लाडू

मी आज जो काही आहे, तो आमच्या शाळेतल्या बाईंमुळे आहे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यासाठी त्यांना विचारावं लागेल आणि सध्या ते धाडस माझ्यात नाही. पालमजवळच्या आमच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. इतरही शिक्षिका आल्या आणि बदलून गेल्या, पण गावात नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीच्या वर्षी बाईंनी मला पालमला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्या भाकरी थापायच्या आणि मी शेजारी बसून पेपर मोठ्यानं वाचायचो. बातमी सांगताना माझ्या तोंडून ‘हाय’ आलं की तव्यावरची नजर न काढता त्या ‘आहे’ म्हणायच्या. पुढे कॉलेजच्या अर्जावर वडिलांचा अंगठा चालला असता. बाईंनी त्यांना आठ दिवस रोज संध्याकाळी बोलावून सही शिकवली. वडील शेतातून परस्पर यायचे, हातपाय धुऊन ओसरीत बसायचे आणि एका अक्षरासाठी सगळं अंग ताठ करायचे. त्या अर्जावरची त्यांची सही अर्धी रकान्याबाहेर गेली आहे.

पदवी झाली, आणि तिसऱ्या प्रयत्नात राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक म्हणून माझी निवड झाली. मी आईला सांगायला गेलो.

“कोनतं खातं म्हनलास?”

“उत्पादन शुल्क.”

“म्हंजी काय करायचं त्यात?”

“दारूवर लक्ष ठेवायचं, माय.”

“ठेव बाबा. इथं कुनी ठेवत न्हाई.”

नेमणूक सेलूला मिळाली. एका जिनिंगच्या मागच्या बाजूला खोली घेतली. हंगामात खिडकीच्या जाळीला कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असायचे. माझं मुख्य काम देशी दारूच्या एका ठोक विक्रेत्याच्या गोदामावर होतं. कारखान्यातून किती पेट्या आल्या, कुठल्या दुकानाला किती गेल्या ते तपासायचं आणि प्रत्येक गाडीच्या वाहतूक पासवर सही करायची.

या नोकरीत माणूस किती एकटा पडतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चुलत भावाच्या लग्नात मी पान आणायला म्हणून मांडवामागे गेलो, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड बसलेली दहा-बारा माणसं एकदम उठली. “सायब आले, सायब आले.” त्यांच्यात माझा सख्खा मामा होता. मी म्हणालो, बसा की. कोणी बसलं नाही. जे आपणहून जवळ येत, ते दोन वाक्यांतच विचारत, “एखादं लायसन निघल का?” खानावळीत मालक मला कोपऱ्यातलं टेबल द्यायचा आणि ते दोनदा पुसायचा. माझ्या टेबलावर दुसरं कोणी बसायचं नाही. कधी कधी शनिवारी लक्षात यायचं की आठवडाभरात पेट्या, पास आणि सही यांच्याबाहेरचं आपण काही बोललोच नाही.

म्हणून मी रविवारी पालमला जायचो. सेलूहून परभणीपर्यंत रेल्वे, तिथून गंगाखेडवरून एसटी. अर्धा दिवस प्रवासातच जायचा. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, त्यांचे यजमान वारले होते, मुलगी दूर नांदत होती. मी पोचलो की त्या विचारायच्या, “जेवलास का?” आणि उत्तराची वाट न पाहता ताट घ्यायच्या. कोणी समोर बसून जेवतंय, एवढ्यासाठी मी ते अंतर जात होतो. दुसरं असं घर मला राहिलं नव्हतं. आईकडे गेलं की भाऊबंद परवान्याचे अर्ज घेऊन बसलेले असायचे.

निवृत्तीनंतर बाईंनी अकरा बायकांचा बचत गट उभा केला. पापड-लोणची करणारे गट तालुक्यात पुष्कळ होते. परभणीच्या एका कृषी प्रदर्शनात बाईंनी भांगेचं बी पाहिलं. डोंगराळ मुलखात लोक त्याची चटणी करतात, आणि आता आपल्याकडे अन्न म्हणून ते विकायलाही परवानगी आहे, हे त्यांना तिथे कळलं. त्यांनी घरी येऊन नियम वाचून काढले आणि बी मागवलं. तीळ, शेंगदाणे, गूळ घालून त्याचे लाडू करायचे ठरवलं. पोतं उघडलं त्या दिवशी मी तिथे होतो.

“बाई, पोलीस न्यायचे आमाला,” एकजण म्हणाली.

“बी आहे ते. नशा पानाफुलांत असते, बियांत नसते. जवसासारखं समजायचं.”

“तुमी म्हनताव खरं, पन माझी सासू म्हनायली, सून आता गांजा वळायली.”

बाईंनी मूठभर बी भाजून सगळ्यांसमोर खाल्लं. घड्याळ मांडीवर ठेवून तासभर बसल्या आणि मग एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला. “आता सांगा, चढली का?” त्यावर एका म्हातारीनं विचारलं, “आमाला बिन खाताच येत न्हाई तो, आमी कसं ओळखावं?” त्या हसण्यात लाडू सुरू झाले.

अन्न विभागाचा परवाना बाईंनी स्वतः खेटे घालून काढला. पांढरं खोकं, वर ‘बियांचे पौष्टिक लाडू’, खाली बारीक अक्षरात काय काय घातलंय ते. खोक्यावर भांगेचं पान छापायचं नाही आणि नशा सुचवणारा शब्दही लिहायचा नाही, हा नियम त्यांनी मला वाचून दाखवला होता. पण किराणा दुकानदार ती बारीक अक्षरं वाचायचे आणि खोकं परत करायचे. महिनाभराचा माल बाईंच्या माजघरात पडून राहिला. बायका रोज यायच्या आणि कामच नाही म्हणून परत जायच्या.

तेव्हा मला सुचलं, की आमच्या गोदामाच्या मालकांची, शेठजींची, गाडी पालमच्या दुकानात दारू उतरवून परत येते तेव्हा रिकामीच असते. येताना तिनं लाडू आणावेत आणि दुसऱ्या दिवशी ती जिल्हाभर फिरते तेव्हा वाटेतल्या किराणा दुकानांत ते द्यावेत. बाईंसाठी काही करायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती. बाई आधी म्हणाल्या, “दारूच्या गाडीत?” मी म्हणालो, “बाई, गाडीला काय कळतं काय भरलंय ते.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मी गोदामावर जाऊन शेठजींना विचारलं. ते माझं वाक्य पुरं होण्याआधीच हो म्हणाले. तेव्हा मला ते चांगुलपणाचं वाटलं. पुढे कळलं, की मी विनंती केली होती आणि त्यांच्या कानाला तो साहेबाचा हुकूम वाटला होता. ज्या माणसाच्या सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही, तो काही मागू लागला तर त्याला नाही कोण म्हणणार?

“साहेब, पण माल रातभर गोदामातच राहील. चालेल ना?”

परवान्याच्या जागेत दारूशिवाय दुसरं काही ठेवायचं तर लेखी परवानगी लागते, आणि ती माझ्या वरिष्ठांनी द्यायची असते. मला हे पाठ होतं. दुसऱ्या कुणाचा माल असता तर मी अर्ज मागितला असता. मी म्हणालो, “ठेवा एका कोपऱ्यात. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.”

पासवर पेट्यांचा आकडा असतो, बाटलीचं माप असतं, गाडीचा नंबर असतो. लाडवांना रकाना नव्हता. म्हणून ते रोज माझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढायचे आणि कागदावर कुठेच नसायचे.

माल खपू लागला. आधी आठवड्याला वीस खोकी, मग शंभर, मग त्याहून जास्त. गटानं दुसरं दळणयंत्र घेतलं, आणखी चार बायका आल्या. रविवारी मी पालमला गेलो की बायका मला आधी लाडू द्यायच्या आणि मग पाणी. बाई कोणालाही सांगायच्या, “हा आमचा विद्यार्थी. याच्यामुळं चाललंय सगळं.” मी खाली मान घालून बसायचो. मला ते फार आवडायचं.

मग पूर्णेकडचे सहकारी रजेवर गेले आणि त्यांच्या भागातल्या दुकानांची तपासणी माझ्याकडे आली. दुपारच्या गाडीनं चुडाव्याला उतरलो. साध्या कपड्यांत होतो आणि तिकडे मला कोणी ओळखत नव्हतं. वाटेतल्या एका गावातल्या देशी दारूच्या दुकानात गेलो. फळीवर बाटल्यांच्या शेजारी आमची पांढरी खोकी रचलेली होती. प्रत्येकावर हिरव्या पानाचं चकचकीत स्टिकर होतं. बाईंनी छापलेली अक्षरं त्याच्याखाली झाकली गेली होती.

गिऱ्हाईक म्हणत होतं, “एक पाव दे, आन एक त्यो पानाचा लाडू.”

“एकानं काय व्हतंय?” बाकावरचा दुसरा म्हणाला. “काल दोन खाल्ले मी. रेल्वेचं फाटक उघडं असून पलीकडं जाईना झालो.”

“तू तसा बी जात न्हाईस. पलीकडं बायको ऱ्हाती तुझी.”

सगळे हसले. मी दुकानदाराला विचारलं, “खरंच चढतो का हा?”

“लय. शिवभोळ्याचा परसाद हाय, कंपनीचा न्हाई. खाऊन बगा.”

मी ओळखपत्र दाखवलं. बाक रिकामा झाला. मला वाटलं होतं दुकानदार घाबरेल. तो उलट सैलावला आणि खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, “आसं व्हय! मग सायब, इचारायलाव कशाला? तुमचाच माल हाय न्हवं हा. गाडीवाल्यानं सांगितलंय, सेलूच्या सायबाचा माल हाय, ठेवावाच लागतो.”

सगळ्या जिल्ह्यात तो माझा माल होता. सेलूच्या दुकानांत मी तपासणीला जायचो तेव्हा ही खोकी मला कधी दिसली नव्हती. गाडीवाला त्यांना आधी कळवत असणार. बाईंच्या गटातल्या त्या बायका, ज्या लाडू वळण्याआधी डोक्याला फडकं बांधतात, त्यांच्या हातचा खाऊ दारूच्या दुकानात नशा म्हणून जात होता. आणि त्यात नशा नव्हतीच. ते लोक लाडू खाऊन ज्या धुंदीचं बोलत होते, ती बाटलीची होती, नाहीतर त्यांच्या मनाची.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींसमोर ते खोकं ठेवलं. ते रागावले नाहीत.

“साहेब, तुम्ही ठेवा म्हणालात, मी ठेवला. किराणावाल्यांनी घेतला नाही. मग माल माघारी पाठवून तुमचं मन मोडू? दारूचे दुकानदार आपलं ऐकतात. पण त्यांच्या गिऱ्हाइकाला पौष्टिक घेऊन काय करायचंय? आमच्या पोरांनी स्टिकर लावलं.”

“ते स्टिकर काढा.”

“काढतो की आजच. पण मग पालमच्या बायांना सांगा, पुढच्या आठवड्यापासून लाडू वळू नका.”

मी अन्न विभागात फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, दारूच्या गोदामातला माल आहे ना, मग तुमच्या खात्याचा. आमच्या कार्यालयात विचारलं तर म्हणाले, लाडू आपल्याकडे कधीपासून आले? माझ्या वरिष्ठांनी दार लोटून घेतलं आणि जरा मायेनंच सांगितलं, “स्टिकर काढायला लाव, माल हळूहळू बंद कर, आणि कागदावर काही आणू नकोस. आणलंस तर पहिला प्रश्न येईल, परवानगी कोणी दिली?”

मी म्हणालो, “मीच दिली.”

“म्हणून तर सांगतोय.”

रविवारी मी बाईंना सांगायचं ठरवून पालमला गेलो. गंगाखेडपासून पुढे मनात वाक्यं जुळवत होतो. दारात पोचलो तर ओसरीत बायकांची रांग बसली होती, परातीत लाडू, आणि बाई चष्मा कपाळावर सारून एकेक खोकं तपासत होत्या. एकीनं मला बघून हाक दिली, “आला गं आपला सायब! त्याला आजच्या ताज्यातला द्या.” लाडू अजून कोमट होता. मी तो खाल्ला. बाईंनी विचारलं, “असा का दिसतोस? बरं नाही का?” मी म्हणालो, प्रवास झाला. त्यांनी ताट वाढलं. त्या समोर बसून जेवल्या, आणि शेवटी ताक देताना म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत आपण पंचवीस बायका करू.” मी मान हलवली. संध्याकाळच्या गाडीनं न सांगताच परत निघालो. एसटीत माझ्या शेजारची जागा परभणीपर्यंत रिकामी होती.

सोमवारी मी दोन पंच बोलावून गोदामाचा पंचनामा केला. कोपऱ्यातली सगळी खोकी मोजली, स्टिकरांचा गठ्ठा मोजला, दोन्ही सीलबंद केलं. जबाबात पहिलंच वाक्य मी माझ्याबद्दल लिहिलं, की हा माल इथे ठेवण्याची तोंडी मुभा मी दिली आणि मला तसा अधिकार नव्हता. पंचांपैकी एकानं सही करताना विचारलं, “साहेब, हे स्वतःवरच लिहायलाव?” मी त्याला दाखवलं, सही कुठे करायची.

महिन्याभरात मला खात्याचं ज्ञापन आलं, खुलासा मागणारं. मग बदली झाली. शेठजींना ताकीद मिळाली. शेवटी दोन्ही खात्यांनी मिळून एक परिपत्रक काढलं, की जिल्ह्यातल्या ठोक दारू विक्रेत्यांनी परवान्याच्या जागेत किंवा गाडीत कोणताही खाद्यपदार्थ लेखी मंजुरीशिवाय ठेवू अथवा नेऊ नये, आणि भांगेच्या बियांचे पदार्थ तर नाहीच. नियम चांगला आहे. गोदामापुरता तो आधीही होता; गाडीसाठीही असता तरी मी तो पाळला असता का, हे मला सांगता येत नाही.

गटाचं काय झालं ते मला इतरांकडून कळतं. काही बायका पुन्हा मजुरीला गेल्या, काही तिळाचेच लाडू करतात. मी पालमला गेलेलो नाही. पंचनाम्याच्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं आणि कार्यालयाच्या सवयीनं त्याची प्रत ठेवली. उत्तर अजून आलेलं नाही. ते पत्र असं होतं:

आदरणीय बाई,

सा. न.

काल मी तुमच्याकडे एक गोष्ट सांगायला आलो होतो आणि न सांगता जेवून परत आलो. ती आता लिहितो.

आपले लाडू किराणा दुकानांत जात नव्हते. ते देशी दारूच्या दुकानांत जात होते. खोक्यावर भांगेच्या पानाचं स्टिकर लावून, नशेचा माल म्हणून ते विकले जात होते. मी हे बुधवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायचं काम माझंच होतं. माल पाचपट खपू लागला तेव्हा मी एकदाही विचारलं नाही, की तो घेतंय कोण. तुम्ही माझं कौतुक करत होतात, ते थांबू नये असं मला वाटत होतं.

आज मी गोदामातली सगळी खोकी सील केली. गटावर किंवा तुमच्यावर काही येऊ नये म्हणून, तुमच्या खोक्यावर ते पान नव्हतं आणि ते नंतर लावलं गेलं, हे पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं आहे. अन्न विभागाचे लोक कदाचित चौकशीला येतील. त्यांना परवाना आणि छापखान्याची पावती दाखवा, आणि मी काय काय सांगितलं होतं तेही सांगा. मला वाचवायला काही लपवू नका. गोदामातली खोकी पुढे सोडली गेली तरी ते लाडू विकू नका, फार दिवस झालेले असतील.

उद्यापासून गाडी येणार नाही. परातीत आज वळलेले असतील तर त्यांचं काय करायचं, हे मला सांगता येत नाही. बायकांना तुम्हीच सांगा. मी सांगायला हवं हे मला कळतं. त्यांच्यासमोर उभं राहण्याचा मी प्रयत्न केला आणि जमलं नाही.

मी अर्ज मागितला असता, तर वरिष्ठांनी चार प्रश्न विचारले असते आणि हे तिथेच थांबलं असतं. मी मागितला नाही, कारण माल तुमचा होता. तुमच्याकडे अर्ज मागणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. बाई, मला वाटतं, तुम्ही तो आनंदानं आणि व्यवस्थित लिहून दिला असता.

या रविवारी मी येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही बोलवाल तेव्हा पहिल्या गाडीनं येईन. नाही बोलावलंत तरी तुमचा राग योग्य आहे असंच मी समजेन. तब्येतीची काळजी घ्या. गुडघ्याचं औषध संपत आलं होतं, ते मी काल कपाटावर पाहिलं. गंगाखेडच्या दुकानात सांगून ठेवलं आहे, एसटीच्या वाहकाबरोबर ते पाठवतील.

आपला विद्यार्थी